सोलापूरच्या उन्हाळ्यात घरच्या घरी काय काय करता तुम्ही?

चिपळूणची_लेक

नमस्कार मंडळी, नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही थंडीत जुळे सोलापुरात राहायला आलो, आणि आता एप्रिल बघून जरा हबकलेच आहे. माहेरी उन्हाळा म्हणजे घाम आणि फणस. इथे घाम कमी पण ओठ फुटतात, दोरीवर चादर टाकली की बादलीतली दुसरी पिळेपर्यंत पहिली वाळलेली असते. पारा ४२ च्या पुढे गेला तरी शेजारच्या काकू म्हणतात "अजून मे यायचाय की".

तर प्रश्न असा की या दिवसांत घरात साधंसं, हाताने करण्यासारखं काय काय करता? मुलं ८ आणि ११ वर्षांची, सुट्टी लागली की दिवसभर मोबाइल. गच्ची आहे पण कुंड्यांतली झाडं करपायला लागलीत आणि नळाला पाणी रोज नसतं. मला कुरडया शिकायच्या आहेत, आमच्याकडे फणसाचे नि पोह्याचे पापड असतात, गव्हाचा चीक कधी केला नाही. समर कॅम्प, मॉल, वॉटर पार्क सुचवू नका प्लीज, ते सगळ्यांनी सांगून झालंय.

साखरपेठेतली_अक्का

ये गं बाई, बरं झालं विचारलीस. आधी एक सांगते, इथं आपलं काम सकाळी नऊच्या आत उरकायचं आणि पुढचं उन्हावर सोडून द्यायचं. चिपळूणला वाळवण वाळवायला तुम्हाला आभाळाकडं बघत बसावं लागत असेल, इथं तसलं काही नाही, एका दिवसात पापडी कडकडीत.

कुरडईचं सांगते, नीट वाच. गहू जाडसर घे, स्वच्छ धुऊन तीन दिवस भिजत घाल. पुस्तकात पाणी रोज एकदा बदला म्हणतात पण सोलापूरच्या उन्हात सकाळ-संध्याकाळ दोनदा बदल, आणि पातेलं मोरीजवळ सावलीत ठेव, नाहीतर तिसऱ्या दिवशी वासानं घरचे बाहेर पडतील. थोडा आंबूस वास येणारच, त्याला घाबरू नकोस. चौथ्या दिवशी मिक्सरला पाणी घालून वाट, हातानं पिळून चोथा काढ, मग पातळ कापडातून गाळून घे आणि रात्रभर तसंच हलवू नकोस. सकाळी वरचं पिवळं पाणी अलगद ओत, खाली पांढराशुभ्र घट्ट चीक बसलेला असतो.

आता माप. जेवढा चीक तेवढंच पाणी, उकळी आण, मीठ आणि हिंग घाल, मग एकीनं चीक ओतायचा नि दुसरीनं लाकडी दांड्यानं सतत हलवायचं. एकटीनं करू नकोस, गाठी होतात. पांढरा रंग जाऊन काचेसारखी चमक आली आणि दांड्याला गोळा सुटायला लागला की झाकण ठेवून एक वाफ. गरम असतानाच सोऱ्यातून घालायच्या, गार झाला की दाबताना मनगट जातं. मुलांना तेव्हाच वाटीत चीक दे, एकाला दूध-साखर घालून आणि दुसऱ्याला कच्चं तेल नि शेंगाची चटणी घालून. बघ मोबाइल आठवतो का. आमच्याकडं चीक खायला गल्लीतली पोरं न बोलावता यायची.

चोथा टाकू नकोस, त्यात तिखट, मीठ, लसूण, जिरं घालून भुसवड्या घाल, तळून खिचडीबरोबर लई भारी लागतात.

गच्चीवाला

अक्कांनी खायचं सांगितलं, मी झाडांचं सांगतो. ताई, झाडं करपतात ती नुसत्या उन्हानं नाही, कुंडी तापून मुळं शिजतात. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या असतील तर बाहेरून चुना मारा, आणि सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटवून भिंतीच्या पूर्वेच्या बाजूला आणा, बारानंतर भिंतीची सावली मिळते. मोठी झाडं बाहेरच्या बाजूला, नाजूक मध्ये. वर ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट. ७५ ची घेऊ नका, त्याखाली भेंडी नुसती उंच वाढते, फळ धरत नाही.

पाण्यासाठी दोन गोष्टी. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून उसाचं चिपाड आणा, देतात ते, पण आणल्या आणल्या कुंडीत घालू नका, मुंग्यांची जत्रा भरते. दोन दिवस गच्चीवर कडक वाळवा, कात्रीनं बारीक करा नि मातीवर चार बोटं जाड थर द्या. दुसरं, मोठ्या ड्रममध्ये मध्यभागी छोटं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, आत रंग वा चकाकी नको, पाणी भरून वर झाकण. मडकं पाझरत राहतं, मुळं तिकडं वळतात. नळ येईपर्यंत निभतं. आणि कुरडईच्या गव्हाचं आंबलेलं पाणी मोरीत ओतू नका, चौपट साधं पाणी मिसळून झाडांना घाला. आरओचं टाकाऊ पाणी मात्र कुंडीला रोज नको, त्यातले क्षार मातीत साठतात, ते फरशी पुसायला.

काय लावायचं म्हणाल तर भेंडी, गवार, चवळी, अंबाडी. कोथिंबिरीचा नाद आता सोडा, उन्हात ती चार पानं देऊन फुलावर जाते. पुदिना सावलीत येतो. कढीपत्त्याला हे ऊन मानवतं. फुलांत मोगरा, त्याला नेटखाली ठेवू नका, पूर्ण उन्हात ठेवा. फुलांचा एक बहर संपला की शेंडे दोन पेरं खुडा, फूल नव्या फुटीवरच येतं.

बोअर_झालोय

सोलापुरात उन्हाळ्याचं खरं सुख म्हणजे महाबळेश्वरचं तिकीट. बाकी सगळं मनाची समजूत बे.

साखरपेठेतली_अक्का

@बोअर_झालोय तू ये घरी, आंबील पाजते, डोकं थंड होईल.

मागावरची_पोरगी

हाय ताई. आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर समाज, घरात तेलुगू बोलतो पण चार पिढ्या सोलापुरात, त्यामुळे उन्हाळ्यात आमच्याकडे डबल काम असतं, कुरडया पण आणि आवकाय पण. आवकाय म्हणजे आमचं कैरीचं लोणचं, कोयीसकट फोडी, मोहरीची पूड, तिखट, मीठ, लसूण आणि भरपूर तिळाचं तेल. फोडायची कैरी अजून यायचीय, कोय कडक झालेली पाहिजे, मेमध्ये मिळेल, आणि बाजारातच अडकित्त्यावर फोडून घ्या, घरी विळीवर हात कापून घेऊ नका. फोडी कापडानं कोरड्या पुसायच्या, धुऊन ओल्या घातल्या तर बुरशी नक्की.

मला खरं सांगायचं होतं ते चिंध्यांचं. सोलापूर चादरी-टॉवेलचं गाव, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे टॉवेलचे कटपीस किलोवर मिळतात. पोरांना ते आणून द्या. दोन बोटं रुंद पट्ट्या कापायच्या, तीन पट्ट्यांची वेणी घालायची, मग ती वेणी गोल गोल फिरवत जाड सुईनं शिवत जायची, पायपुसणं तयार. ११ वर्षांचा मुलगा असेल तरी करतो, माझा भाऊ करायचा, आता कबूल करत नाही. टेरीचा कपडा असल्यामुळं पाणी मस्त शोषतो, विकतच्यापेक्षा टिकतो.

आणि वाकळ. जुन्या सुती साड्या, आत एक जुनी चादर, कडेनं टाके घालत आत यायचं. आमची आज्जी दुपारी बारा ते चार, पंख्याखाली फरशीवर वाकळ पसरून बसायची आणि येईल त्याच्या हातात सुई द्यायची, पाहुण्यांना पण. त्यामुळं आमच्या वाकळीत काही टाके सरळ आणि काही टाके मामांचे.

माळरान_भटक्या

मुलांसाठी दोन-तीन गोष्टी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य बरोबर डोक्यावर, सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्याच खाली लपते. सोलापूर साधारण १७.७ अक्षांशावर आहे म्हणून तेव्हा. वेळ बाराची नाही हां, आपल्या रेखांशामुळं दुपारी १२ वाजून २० ते २५ मिनिटांच्या दरम्यान. गच्चीवर उभा पेला ठेवा, दहा-दहा मिनिटांनी खडूनं सावलीचं टोक मारायला सांगा. चपला आणि टोपी घालूनच, तळपाय भाजतात. हा दिवस ऑगस्टच्या सुरुवातीला परत येतो पण तेव्हा बहुतेक ढग असतात, म्हणून मेमधलाच साधा.

पक्ष्यांना पाणी ठेवाल तर खोल भांडं नको, मातीची उथळ परात, आत दोन दगड म्हणजे मधमाश्यांनाही बसता येतं. पाणी रोज बदला, नाहीतर डासांची सोय. बुलबुल, साळुंकी, चिमण्या येतीलच, जास्वंद असेल तर शिंजीर पण. मुलांना वहीत वेळ लिहायला लावा, कोण कधी येतं ते.

एखाद्या दिवशी पहाटे हिप्परग्याला तलावावर जा, पाणी खाली गेलेलं असतं त्यामुळं काठाच्या चिखलात चरणारे पक्षी दिसतात. नान्नजचं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य १९७९ चं, पण माळढोक दिसेल म्हणून मुलांना कबूल करू नका, ते आता फारच कमी उरलेत. काळवीट मात्र दिसतात. सात वाजता गाडी परत घराकडे वळली पाहिजे.

चिपळूणची_लेक

बापरे, एवढं सगळं! थँक्यू सगळ्यांना. चिपाड आणलं पण, रसवंतीवाले काका म्हणाले अजून दोन पोती न्या. धाकटीनं पक्ष्यांची वही सुरू केलीय, त्यात पहिली नोंद "कावळा, ७.१०, रागावलेला" अशी आहे. मोठा म्हणतो शून्य सावलीपर्यंत थांबणार, तोवर मोबाइल.

अक्का, आंबील कशी करता ते सांगा ना. आणि कुरडया घातल्या नि संध्याकाळी वळीव आला तर काय करायचं? आणि माझ्याकडे सोऱ्या नाही, चकली यंत्र आहे तेवढं.

गच्चीवाला

वळवाच्या आधी नेट सोडून ठेवा हां, वारा सुटला की बांबूसकट शेजारच्या गच्चीवर जाते. गारा पडल्या तर वेगळंच. मी नेटला चार कोपऱ्यांना सुतळीच्या सरकगाठी मारतो, एक ओढली की खाली.

साखरपेठेतली_अक्का

आंबील अगदी सोपी. रात्री दोन चमचे ज्वारीचं पीठ ताकात कालवून झाकून ठेव, ज्वारी मालदांडी मिळाली तर बघ, मंगळवेढ्याकडची. सकाळी तांब्याभर पाण्याला उकळी आणून ते कालवण सोड, हलवत शिजव, मीठ घाल. पूर्ण गार झाल्यावर वरून ताक, ठेचलेला लसूण, जिरं. गरम असताना ताक घातलंस तर फुटतं. फ्रिजमध्ये नको, माठाजवळ ठेव.

वळीव आला तर ओल्या कुरडया कागदासकट उचलून खोलीत पंख्याखाली पसर, उलथू नकोस, मोडतात. एक रात्र निघते. दुसऱ्या दिवशी ऊन येतंच, हे सोलापूर आहे. मात्र पत्र्याच्या डब्यात भरायच्या आधी एक मोडून बघ, कट्कन तुटली पाहिजे, वाकली तर अजून एक ऊन दे.

चकली यंत्र चालतं गं, शेवेची जाडी चकती लाव. नाहीतर माझा पितळी सोऱ्या घेऊन जा, पण चकत्या मोजून देणार नि मोजून घेणार. मागल्या साली एकीनं नेला, बारीक शेवेची चकती अजून आली नाही आणि ती बाई हे सगळं वाचतेय मला माहितेय.