शब्दचर्चा : 'वंश', 'जाती' आणि विज्ञानाचा तास

प्रश्न (शिक्षिका, चंद्रपूर जिल्हा) :
मी एका खेड्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. परवा आनुवंशिकतेच्या धड्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार आला. पुस्तकी नाव दात्रपेशी पांडुरोग, पण गावात सगळे सिकलसेलच म्हणतात. मागच्या बाकावरून आवाज आला, "हा तं त्या लोकाइचा रोग होय न, मॅडम?" एएस पॅटर्न, म्हणजे सिकलसेलचं एकच जनुक, असलेली एक मुलगी समोरच बसली होती. तिनं मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही. मग दुसऱ्यानं विचारलं, "आफ्रिकेतले लोक वेगळ्या वंशाचे, म्हणजे वेगळ्या जातीचे का?" उत्तर ठाऊक होतं, पण शब्दांपाशीच अडले. 'वंश', 'जाती', 'आनुवंशिक' वर्गात कसे वापरावेत?

उत्तर (गोंदिया) :
ताई, 'वंश' म्हणजे मुळात बांबू. हाच शब्द झिजून आपल्या घराचा 'वासा' झाला. पेरावर पेर चढावं तशी पिढीवर पिढी, म्हणून वंश म्हणजे घराणं. सूर्यवंश, निर्वंश, वंशाचा दिवा, सगळीकडे एकाच घराची गोष्ट. खंडच्या खंड माणसं एका वंशात कोंबायचा अर्थ इंग्रजीतल्या 'रेस'ला प्रतिशब्द शोधताना चिकटला. संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये धर्म, जात, लिंग यांच्यासोबत 'वंश' येतो, तो या अर्थानं. तिथं तो हवाच, कारण वंशावरून होणारा भेदभाव खरा आहे. पण मुलं तोच शब्द जीवशास्त्रात आणतात आणि त्यांना वाटतं, माणसांची बेटंच वेगवेगळी. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे 99.9 टक्के सारखा असतो. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी 1972 मध्ये दाखवलं की माणसांतल्या जनुकीय फरकांपैकी जवळपास 85 टक्के एकाच समूहाच्या आत सापडतात. बेट एकच आहे, हे ठासून सांगा.

उत्तर (अमरावती) :
'जाती' हा शब्द तर आपणच मुलांच्या हाती देतो. कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड फळ्यावर लिहितो आणि शाळेच्या दाखल्यावर तोच शब्द वेगळ्या अर्थानं असतो. मी 'जीवजाती' म्हणतो. वाघ एक जीवजाती, बिबट दुसरी. माणूस जगभर एकच, होमो सेपियन्स.

शिक्षिका :
सर, 'जीवजाती' उद्यापासून सुरू. 'आनुवंशिक'चं मात्र दुखणं वेगळं आहे. वंश आपण बापाकडून मोजतो, म्हणून मुलं विचारतात, "बापाकडून येते का?" आणि घरी बोल लागतो सुनेला. प्रत्यक्षात सिकलसेलचा आजार व्हायला दोघांकडूनही ते जनुक यावं लागतं. आईवडील दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस, म्हणजे दोन्ही जनुकं सिकलसेलची, असण्याची शक्यता 25 टक्के. म्हणून मी आधी 'आईकडून एक, बापाकडून एक' असं सांगणार, पारिभाषिक शब्द त्यानंतर.

'त्या लोकाइचा' याचं उत्तर मलेरियात आहे. एएस असलेल्यांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. त्यामुळे जिथं पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथं हे जनुक टिकलं : आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्ये, आपल्या जंगलपट्ट्यात. समाजांची नावं असलेला तक्ता मी भिंतीवरून काढला, तिथं नकाशा लावते.

एकच विचारायचं राहिलं. एएसला 'वाहक' म्हणवत नाही. रोग पसरवत फिरणारा, असं मुलांना ऐकू येतं.

उत्तर (गोंदिया) :
मग नुसतं 'एएस' म्हणा, ताई. तपासणीनंतर घरोघरी हाच शब्द पोचला आहे.