मदत हवी आहे: फ्लेवर्ड चहाचं करू तरी काय?

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या गिफ्ट हॅम्परमधून आलेला चहा घरात साठलाय. अर्ल ग्रे, जास्वंद, कॅमोमाइल आणि एक व्हॅनिलावाला, ज्याचा डबा उघडला की बेकरीत शिरल्यासारखं वाटतं. आमच्याकडे चहा म्हणजे आलं घालून उकळलेला, नाहीतर कोपऱ्यावरच्या अमृततुल्यचा. अर्ल ग्रे दुधात उकळून दिला तर सासूबाई म्हणाल्या, "यात साबण पडलाय का गं?"

पण टाकवत नाही. छोले शिजवताना चहाची पुरचुंडी टाकली की रंग मस्त येतो. तिथे अर्ल ग्रे चालेल, की त्यातल्या बर्गमॉटचा (एक लिंबूवर्गीय फळ) वास छोल्यांना लागेल? जास्वंद मुळातच आंबट, त्यामुळे साखर आणि चिमूटभर सैंधव घालून सरबत करावं म्हणते. कोणी केलं असेल तर प्रमाण सांगा. कॅमोमाइल म्हणजे नुसती वाळकी फुलं, ती सरळ गुलाबाच्या कुंडीत घालू का आधी कंपोस्टमध्ये? व्हॅनिलावाल्याचं मात्र डोकं चालेना. केकच्या दुधात भिजवून बघू?

आणि "कोणाला तरी देऊन टाक" नका सांगू. कोथरूडातल्या आमच्या सगळ्या नातेवाइकांकडे हेच डबे पडलेत.