जुन्या कोब्यावर छोटा ओटा: फोडायचा की वरूनच ओतायचा?

डिचोलीकर
मागीलदारी बावीजवळ (विहिरीजवळ) वडिलांच्या वेळचा कोबा आहे. त्यावर पंप आणि वॉशिंग मशीन ठेवायला ३ बाय ३ फूट, ४ इंच उंचीचा ओटा करायचाय, कारण पावसात तिथून पाणी वाहतं नि पंपाचे पाय बुडतात. एक मेस्त (गवंडी) म्हणतो, सगळा कोबा फोडून खालून घेऊया. दुसरा म्हणतो, सिमेंटचं पाणी मारून वर ओतलं की झालं. कोबा एका कोपऱ्यात चिरलाय, शेवाळही धरतं. जून तोंडावर आलाय, लवकर सांगा.

जुना_सुपरवायझर, फोंडा
फोडू नका. आधी हातोडीने सगळीकडे ठोकून बघा. खणखणीत वाजला तर कोबा धरून आहे. बद्द वाजेल तेवढाच तुकडा काढा, तिथे खालची माती खचलेली असते. चिरलेला कोपरा सोडून ओटा बाजूला घ्या, नाहीतर तीच चीर नव्या ओट्यात वर येईल.

दुसऱ्या मेस्ताचं अर्धं बरोबर आहे. पण जुना कोबा घोटून गुळगुळीत केलेला असतो, त्यात शेवाळ. त्यावर काही धरत नाही. छिन्नीने दोन-दोन इंचांवर टोचे मारा, आतली खडी दिसली पाहिजे. मग तारेच्या ब्रशने घासून धुवा. टोच्यांच्या खळग्यांत हिरवं राहतं, तिथे जास्त घासायचं. रात्री भिजवून ठेवा आणि सकाळी साचलेलं पाणी फडक्याने टिपा. कोबा ओलसर हवा, वर पाणी चमकता नये. त्यावर सिमेंटचा दाट घोळ ब्रशने रगडून लावा आणि तो ओला असतानाच काँक्रीट टाका. घोळ लावून मेस्त चहाला गेला आणि घोळ पांढरा पडला, तर धरायचं सोडून मध्ये पापुद्रा होतो. मग खरवडून परत लावायचा, दुसरा इलाज नाही.

माल एक सिमेंटास दीड रेती, तीन खडी. खडी अर्धा इंची. सिमेंटची ५० किलोची एक गोण पुरून उरेल. पाणी गोणीला २५ लिटरच्या वर जाऊ देऊ नका; मेस्ताला पातळ माल आवडतो, हात कमी दुखतात. खाडीची रेती कुणी स्वस्तात आणून दिली तरी नको, ती खारी असते, पंपाचे बोल्ट गंजतील.

पेडण्याचो
एवढी टोचाटोची कशाला? खाली जाड प्लास्टिक घाला आणि वर ओटा ओता. उद्या पंप हलवायचा झाला तर पहारीने उचलता येईल.

जुना_सुपरवायझर, फोंडा
नुसती मशीन असती तर मीही तेच सांगितलं असतं. ओट्याचं वजनच दोनशे किलोच्या आसपास होतं, तो जागचा हलत नाही. पण इथे पाणी वाहतं. प्लास्टिकच्या फटीत ते शिरत राहणार, वर पंपाची थरथर. पंपाखाली रबराची पट्टी मात्र दोन्ही बाबतींत घालाच.

डिचोलीकर
काका, पावसाच्या तोंडावर केलं तर पाणी मारायची कटकट वाचेल ना?

जुना_सुपरवायझर, फोंडा
ताज्या ओट्यावर सर आली तर वरचं सिमेंट धुऊन जाईल आणि नुसती रेती दिसेल. पहिला दिवस ताडपत्री हवीच, ओट्याला न टेकता ताणून बांधा. वर पाणी सुटलं म्हणून मेस्त कोरडं सिमेंट भुरभुरवायला लागला तर त्याला थांबवा, त्याची पुढे पापडी सुटते. पाणी सात दिवस तरी मारायचं. गोणीवर पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं सिमेंट) लिहिलं असेल तर दहा दिवस, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात तसंच दिलंय. गोणपाट टाकून ओलं ठेवलं तर सोपं पडतं.

आणि ओतण्याआधी मशीनच्या पाण्याचा नि वायरचा पाईप आत बसवून घ्या, तोंडाला चिंधी कोंबून. वरचा ढाळ बावीच्या उलट दिशेला द्या, साबणाचं पाणी बावीत नको.

डिचोलीकर
पाईपचं डोक्यातच नव्हतं. मेस्ताला रविवारी बोलावलंय.