जहाजावरची एक जागा आणि एक घास : तुमचे क्रूझचे अनुभव सांगा

येत्या डिसेंबरात आईबाबांना घेऊन मुंबईहून क्रूझने जायचं चाललंय. बाबा ७६ वर्षांचे, मूळचे वेंगुर्ल्याचे, लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावाला जायचे, आणि ती बोट बंद झाल्यापासून जवळपास दर दिवाळीला एकदा तरी तिची आठवण निघतेच. म्हणून हा सगळा घाट. स्विमिंग पूल आहे, कसिनो आहे, रोज रात्री शो आहे हे मला माहितीपत्रकात दिसतंच, ते नकोय. मला तुमच्याकडून फक्त दोन गोष्टी हव्यात, जहाजावरची अशी एक जागा जिथे तुम्ही परत परत जाऊन बसलात आणि असा एक घास जो अजून जिभेवर आहे. जहाज कुठलंही चालेल, अमेरिकेतलं असो की इथलं. काही चुकलं, त्रास झाला असेल तर तेही लिहा, म्हातारी माणसं बरोबर आहेत.

*

मी सुरुवात करतो. आम्ही २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबई-गोवा-मुंबई केलं, कॉर्डेलियाची एम्प्रेस. जहाज जुनं आहे, १९९० चं, पहिलं नाव नॉर्डिक एम्प्रेस, मुंबईहून कॉर्डेलियाच्या नावाने २०२१ च्या सप्टेंबरपासून चालायला लागलं. जागा विचारलीस तर सगळ्यात वरचा उघडा डेक, आणि वेळ म्हणजे जहाज बॅलार्ड पिअरहून सुटतं ती. बहुतेक लोक तेव्हा बुफेकडे पळतात, बाबांना अजिबात पळू देऊ नकोस, त्यांना वर उजव्या बाजूच्या कठड्याला उभं कर. आधी नेव्हीच्या गोद्या जातात, मग गेटवे आणि ताज, आणि जन्मभर आपण गेटवेवरून समुद्र बघितलेला असतो तो गेटवे समुद्रातून बघताना इतका लहान दिसतो की पोटात कसंतरीच होतं. मग कुलाबा संपतो, प्रोंगचा दिवा, म्हणजे दीपगृह लागतं, ते १८७५ पासून उभं आहे, आणि तेवढ्यात डावीकडे खांदेरी-उंदेरी. माझ्या मुलाला मी खांदेरीचा किल्ला दाखवला, शिवाजी महाराजांनी १६७९ साली इंग्रजांच्या नाकासमोर बांधायला घेतलेला, आणि तो म्हणाला मग आपण महाराजांच्या रस्त्यावरून चाललोय का. हो म्हटलं.

घास म्हणजे पहाटे पावणेपाचचा चहा. झोप येईना म्हणून वर गेलो तर फूड कोर्टात एक मुलगा नुकताच आलेला, त्याने न विचारता आल्याचा चहा करून दिला, बाहेर सगळा काळोख आणि लांब मच्छीमारांच्या होड्यांचे दिवे. पंचपक्वान्नं काय खाल्ली ते आठवत नाही खरंच.

*

आम्ही सिंगापूरहून रॉयल कॅरिबियनच्या स्पेक्ट्रमवर होतो. त्याच्यावर एक काचेचा गोळा आहे, नॉर्थ स्टार नावाचा, मोठ्या क्रेनच्या हातावर बसवलेला, त्यात माणसं बसवतात आणि हळूहळू समुद्रापासून साधारण ३०० फूट वर नेतात. मला उंचीची भीती आहे तरी गेले, आणि वर गेल्यावर एकदम शांत, खाली आपलं जहाज खेळण्यासारखं आणि मागे पाण्यावर पांढरा पट्टा. यंत्रमानवाचे दोन हात पेय ढवळून देतात तो बारही आहे, मुलं तिथे तासन्‌तास उभी होती, मला मात्र एकदा बघून पुरलं.

पण मला सांगायचंय ते जेवणाच्या टेबलाचं. बुफेत जाऊ नका असं नाही, सकाळी जाच, पण रात्री मोठ्या डायनिंग रूममध्येच जेवा. तिथे तुमचं टेबल ठरलेलं असतं आणि वाढणारा माणूसही रोज तोच. आमचा वाढणारा दादा पहिल्या रात्री इंग्रजीत बोलत होता, माझ्या सासूबाई मला म्हणाल्या, अगं डाळभात मिळेल का विचार, तर तोच म्हणाला, काकी, मी कुडाळचो. सासूबाईंचे डोळेच भरले. दुसऱ्या रात्रीपासून त्यांच्यासाठी आतून साधं वरण, भात आणि लिंबाची फोड यायची, मेन्यूवर नसलेली, त्याने शेफला सांगून ठेवलेलं. सहा महिने झाले होते त्याला घर सोडून. निघायच्या दिवशी सासूबाईंनी पिशवीतला बेसनाच्या लाडवांचा डबा डब्यासकट त्याच्या हातात दिला. तेव्हा घास कुठला म्हणाल तर ते वरण.

*

त्रासाचं विचारलंय म्हणून लिहिते. जहाजाचं नाव घेत नाही. आम्ही बाल्कनीची केबिन भरपूर पैसे देऊन घेतली आणि ती निघाली रात्रीच्या डान्स फ्लोअरच्या बरोबर खाली. दोन वाजेपर्यंत दणदण. आईला दोन रात्री झोप नाही, काउंटरवर तीनदा गेले तर जहाज भरलेलं आहे एवढंच उत्तर. बुकिंग करताना डेकचा नकाशा मागाच, आणि आपल्या वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील अशी खोली निवडा. दुसरं म्हणजे लिफ्ट. जेवणाच्या वेळी आणि शो सुटल्यावर लिफ्टसमोर इतकी गर्दी की व्हीलचेअर घेऊन वीस मिनिटं उभे होतो. वयस्कर माणसांना पंधरा मिनिटं आधी न्या.

*

मी या धंद्यातलाच, आता रिटायर आहे, माझगावला राहतो. अठ्ठावीस वर्षं जहाजांच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात काढली, कमिस म्हणजे शिकाऊ स्वयंपाकी म्हणून लागलो आणि सू-शेफ म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालचा म्हणून उतरलो. वरती सगळे वाढणाऱ्यांबद्दल लिहितायत, छान वाटलं, थोडं आतलं सांगतो.

पॅसेंजरच्या जहाजावर गॅलीत उघडा जाळ नसतो. आगीची भीती असते म्हणून सगळं विजेवर, शेगड्यासुद्धा तापलेल्या लोखंडी पाट्या असतात. त्यामुळे जाळावर फुगलेला फुलका मागू नका, तो मिळणार नाही, तव्यावरची पोळी मिळेल. शेगडीला चारी बाजूंनी कठडे असतात, दर्या खवळला की पातेलं त्यात अडकून राहतं, आणि आम्ही ताटांखाली ओली फडकी घालायचो म्हणजे सरकत नाहीत. पाणी आपण पितो ते बरंचसं समुद्राचंच, जहाजावरच गोडं करून घेतलेलं. बेकरीवाले रात्री अकराला कामाला लागतात म्हणून सकाळी सहाला पाव गरम मिळतो, माझं ऐकाल तर तो पाव खायला उठाच, लोक दहा वाजता येतात आणि थंड झालेला खातात.

जैन, बिनकांदालसणीचं, उपासाचं, मधुमेहाचं जे काय असेल ते बुकिंगच्या वेळी लिहून द्या आणि चढल्यावर त्याच संध्याकाळी हेड वेटरला पुन्हा तोंडी सांगा. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर जैन स्वयंपाक ही काही नवी गोष्ट नाही, पण सामान जहाज बंदरात असतानाच भरतात, मधे समुद्रात काही मिळत नाही. आगाऊ कळलं तर आम्ही जीव लावून करतो हो. एकदा एका आजींसाठी चतुर्थीला मोदक केले होते, तांदळाची पिठी नव्हती, तांदूळ भिजवून मिक्सरवर वाटून उकड काढली, कळ्या काही सगळ्या नीट पडल्या नाहीत. आजी आत गॅलीच्या दारापर्यंत आल्या होत्या.

आणि ती सुरुवातीची जीव वाचवायची कवायत, सात छोटे भोंगे आणि एक लांब, ती टाळू नका. लोक कंटाळा करतात. टायटॅनिक १९१२ ला बुडाली त्यानंतर हे सगळे नियम आले, माणसं गेल्यावर आले.

*

काका, तुमच्या गॅलीच्या गोष्टी अजून लिहा ना, फार सुंदर.

माझा अनुभव थंडीतला. मुलगी सिॲटलला असते, तिने आम्हा दोघांना अलास्काला नेलं, हॉलंड अमेरिका लाइनच्या जहाजावर. ग्लेशियर बे नावाचं नॅशनल पार्क आहे तिथे जहाज आत शिरतं, पार्कचे रेंजर छोट्या बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर लाउडस्पीकरवरून माहिती सांगतात, हे बर्फ किती जुनं, हा पक्षी कुठला. जहाज हिमनदीसमोर उभं राहिलं आणि सगळा डेक चिडीचूप. मग बंदुकीसारखा आवाज आला, दिसलं काहीच नाही, आणि आवाजानंतर बर्फाचा कडा सावकाश पाण्यात उतरला. त्या वेळी तिथले लोक ट्रे घेऊन फिरत होते, वाटाण्याचं दाट गरम सूप, डच लोकांची पद्धत आहे म्हणे. त्यात मांस असतं म्हणून आमच्या ह्यांच्यासाठी शाकाहारी वेगळं मागून घेतलं. घोंगडी पांघरून, वाटी दोन्ही हातांत धरून, समोर निळा बर्फ. मी गिरगावातल्या दोन खोल्यांत वाढलेली बाई, मला ते सूप आयुष्यभर पुरेल.

*

बोट लागण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून पटकन. केबिन जहाजाच्या मध्यावर आणि जितकी खाली तितकी बरी, टोकाला आणि वरच्या मजल्यावर जास्त हलतं. मोठ्या जहाजांना पोटाशी दोन्ही बाजूंनी पंख असतात ते डुलणं कमी करतात, त्यामुळे बहुतेकांना काही होत नाही. डिसेंबरात आपला समुद्र शांतच असतो, मुंबईच्या फेऱ्या पावसाळ्यात बंदच असतात. तरी आलेपाक जवळ ठेवा, रिकाम्या पोटी बसू नका आणि मळमळलं तर केबिनमध्ये न पडता उघड्यावर जाऊन क्षितिजाकडे बघा. गोळी घ्यायची तर आधी बाबांच्या डॉक्टरांना विचारून.

*

आम्ही लक्षद्वीपची फेरी केली, मी आणि आई. अगत्तीला एवढं मोठं जहाज किनाऱ्याला लागू शकत नाही, ते लांब नांगर टाकतं आणि छोट्या बोटी येऊन माणसं घेऊन जातात. जहाजाच्या पोटातलं एक दार उघडतं, खाली होडी वरखाली होतेय, आणि ते लोक बरोबर लाट वर आली की दंडाला धरून उचलून घेतात. आई देवगडची. ती एकदम म्हणाली, हे तर आपले पडाव! मग जे बोलायला लागली ती थांबेच ना, तिच्या लहानपणी आगबोट बाहेर उभी राहायची आणि पडावातून उतरायचं, पोरं आणि कोंबड्या आणि ट्रंका सगळं एकात. मी तिला गुडघ्यांमुळे उतरू नको म्हणत होते, ती माझ्या आधी उतरली. गुडघे दुखत असतील तर ते चढणं-उतरणं कठीण आहे हे मात्र खरं, आधी विचार करा.

जागा म्हणजे ते दार. खाण्याचं म्हणाल तर संध्याकाळी परत आल्यावर मिळालेली गरम भजी, खारं पाणी अजून केसात होतं.

*

मुलं लहान असतील तर डिस्नेच्या जहाजांची एक पद्धत फार आवडली, तीन वेगवेगळी हॉटेलं जहाजावर आणि रोज रात्री तुम्ही वेगळ्या हॉटेलात, पण वाढणारी माणसं तुमच्याबरोबर फिरतात. माझा भाचा कुणाशीच बोलायचा नाही, तिसऱ्या रात्री त्या वेटरला स्वतःहून शाळेतल्या गोष्टी सांगत होता. बाकी तिकडे सगळं महाग.

*

मी ८१. नातीकडून टाइप करून घेतोय. तुम्ही सगळे क्रूझ म्हणता, आम्ही बोट म्हणायचो. रोहिणी, कोकणसेवक ही नावं अजून पाठ आहेत. भाऊच्या धक्क्यावर आदल्या रात्रीपासून वळकटी टाकून बसायचं, बोटीवर चढलं की धावत जाऊन डेकवर चादर पसरून जागा धरायची, भोंग्याजवळची नको, इंजिनाजवळची गरम. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं. प्रत्येक बंदराला पडाव यायचे आणि ओळखीच्या हाका. शेजारच्या चादरीवरची माणसं अनोळखी, पण रात्री पुरचुंड्या सुटल्या की आमच्या दशम्या त्यांच्याकडे आणि त्यांचे तळलेले बांगडे आमच्याकडे. आई लसणाची चटणी केळीच्या पानात बांधून द्यायची, खाऱ्या वाऱ्यात ती जी लागायची ती घरी कधी लागली नाही.

धागाकर्त्यांना एकच सांगतो, वडलांना बंद काचेच्या आत जेवायला बसवू नका. ताट घेऊन उघड्यावर जाऊ देतात का तेवढं विचारून घ्या.

*

धागा काढणाराच परत. सगळे अनुभव काल रात्री बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. कुडाळच्या दादाशी आई हसली, आणि आजोबांनी लिहिलेली बंदरं मी वाचत होतो तर बाबा माझ्या आधीच पुढचं नाव सांगत होते, वेंगुर्ल्यावर आल्यावर गप्प झाले.

तर मध्यावरची, खालच्या डेकची, वरखाली केबिनच असलेली खोली घेतलीय. काका, हेड वेटरला पहिल्याच संध्याकाळी सांगेन, बाबांना साखर आहे. ताट बाहेर नेता येईल का ते विचारलं, डेकवर बसायला टेबलं आहेत म्हणाले, आणि बाहेरचं खाणं आत नेऊ देणार का हेही विचारलं तर घरचं शिजवलेलं चालणार नाही म्हणाले. आईला तेवढं वाईट वाटलं, तिच्या डोक्यात दशम्या होत्या. ती आता म्हणतेय की घरून निघताना सकाळी सगळ्यांनी दशमी-चटणी खाऊनच बाहेर पडायचं, आणि टॅक्सी बॅलार्ड पिअरला जायच्या आधी पाच मिनिटं भाऊच्या धक्क्यावरून न्यायची.