एल निनोच्या वर्षी गोव्यातल्या साखळीत वाळवंटी नदीच्या पुराची भीती कमी धरायची का?

साखळीकर
एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं) म्हटलं की पाऊस कमी, असं दर वर्षी कानावर येतं. मग अशा वर्षी बाजारातल्या दुकानात माल खालच्या फळीवर ठेवला तर चालेल? आणि त्याच एल निनोने पेरूत पूर कसा येतो?

घाटमाथा
फळीचं आधी: नको. एल निनोमुळे देशभरातल्या चार महिन्यांच्या बेरजेचा कल बदलतो, आणि तोही हमखास नाही. १९९७ चा एल निनो शतकातल्या मोठ्यांपैकी, तरी देशाचा मान्सून सरासरीच्या आसपासच राहिला. साखळीत पाणी भरतं ते घाटावर काही तासांत कोसळलेल्या पावसाने, बेरजेने नाही.

उलट उदाहरण २०२१ चं. ला निना (एल निनोच्या उलट, पाणी नेहमीपेक्षा थंड) मे महिन्यातच ओसरली होती, प्रशांत महासागर तटस्थ. तरी २३ जुलैला म्हादई नदीने सत्तरी तालुक्यात घरं पाडली.

पेरूचं गणित वेगळं. तिथला किनारा म्हणजे वाळवंट, समुद्र थंड. एल निनोत तेच पाणी तापतं, वाफ वाढते आणि पिऊरासारख्या कोरड्या भागात ढग फुटतात. ला निनात गरम पाणी पश्चिमेला ढकललं जातं. २०१०-११ मध्ये ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलंड बुडालं ते तेव्हाच.

खाजनराखण
हिंदी महासागराचा द्विध्रुव, म्हणजे त्याच्या पश्चिम आणि पूर्व भागांच्या तापमानातला फरक, विसरलात. २०१९ मध्ये तो जोरदार धन (पश्चिमेकडचं पाणी जास्त गरम) होता: पूर्व आफ्रिकेत पूर, आणि आपल्याकडे मान्सून सरासरीच्या ११० टक्के. त्याच ऑगस्टात तिळारी धरणाचं पाणी सोडल्यावर शापोरा नदीचा काठ बुडाला. त्यात धरणाचा वाटाही धरा.

रोजच्या कामाला ३० ते ६० दिवसांची मॅडन-ज्युलियन लहर, म्हणजे विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकणारा ढग-पावसाचा पट्टा, जास्त उपयोगी. ती हिंदी महासागरावर आली की मान्सून जोर धरण्याची शक्यता वाढते. हवामान खात्याचा विस्तारित (पुढच्या काही आठवड्यांचा) अंदाज दर गुरुवारी येतो, तो बघा. २४ तासांत २०४.५ मिमीच्या वर, म्हणजे आठ इंचांहून जास्त पावसाचा इशारा असेल तर भरतीचं कोष्टकही काढा. वाळवंटी जिला मिळते त्या मांडवी नदीत भरती सुमारे ५० किमी आत चढते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात वरून आलेलं पाणी ओहोटी लागेपर्यंत तुंबतं.

खाजनात (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतात) मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या मोरीची, दारं भरतीला बंद होतात, म्हणून शेतातला पाऊसही आतच अडकतो. पावसाआधी दाराखालचा गाळ काढला नाही तर ओहोटीतही दार पुरतं उघडत नाही, आणि भरतीला फटीतून खारं पाणी आत. दोष मग सगळे पावसाला देतात!

साखळीकर
म्हणजे गुरुवारचा अंदाज, आठ इंच आणि उधाणाची तिथी. माल वरच्या फळीवरच.

घाटमाथा
फ्रिजची मोटर खाली असते, तीही उचला.