मदत हवी आहे: नव्या चर्चची समर्पण उपासना, दार उघडायचं कोणी?

सर्वांना सलाम. अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात नवं चर्च बांधून झालंय. मंडळी साठेक घरांची. जुनं चर्च म्हणजे आजोबांच्या वेळची मातीची खोली. पावसाळ्यात एका अंगानं गळायची अन् आम्ही सगळे दुसऱ्या अंगाला सरकून बसायचो. आमच्या बाया रोज स्वयंपाकाआधी मूठभर ज्वारी वेगळ्या डब्यात टाकतात, रविवारी ती अर्पणात येते अन् तिथंच तिचा लिलाव होतो. आठ वर्षं विटा त्याच पैशावर आल्या. बाकी वर्गणी अन् उसनवारी.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी बिशपसाहेब येणार. मंडळीचा सेक्रेटरी म्हणून सगळं माझ्या गळ्यात, अन् मी आजवर एकही चर्च उघडताना बघितलेलं नाही.

मोठी अडचण फितीची. सरपंचांनी दोन उन्हाळे बांधकामाला स्वतःच्या बोअरचं पाणी दिलं. तरुण संघ म्हणतो फीत त्यांनीच कापावी. वडीलजन म्हणतात, हे काय दुकानाचं उद्घाटन आहे का? आता दोन्हीकडचे पारावर पाठ करून बसतात.

दुसरं म्हणजे आवाज. वर पत्रे, भिंती कोऱ्या, खाली फरशी. परवा स्पीकर लावून बघितला. पाळकसाहेब 'प्रभू' म्हणाले की भिंतीतून 'भू भू भू'. तेच हसायला लागले.

अन् जेवण. चारेकशे पानं धरलीत. कोणी अनुभवी असेल तर सांगा.

प्रतिसाद, उदगीर
फीत ठेवूच नका. दार बंद असतं, सगळे बाहेर उभे राहतात, बिशप काठीनं दार ठोठावतात अन् स्तोत्र २४ मधलं वेशींनी मस्तकं वर करण्याचं वचन म्हणतात. मग किल्ली घेऊन आत. पुढं पुलपीट म्हणजे उपदेशाचा ओटा, बाप्तिस्म्याची जागा, प्रभुभोजनाचा म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीचा मेज यांपाशी थांबून एकेक प्रार्थना. वाचनाला १ राजे ८, शलमोनाची मंदिरार्पणाची प्रार्थना. अख्खा अध्याय वाचू नका, लेकरं झोपतात. सरपंचांचा सत्कार दाराआधी, बाहेर मंडपात करा. आत एकदा सत्कार सुरू झाले की संपत नाहीत, हे आम्ही भोगलंय.

वेळ दुपारी चारची घ्या. सकाळी शेजारच्या पाळकांची आपापली उपासना असते. अन् प्रभुभोजन त्या दिवशी नकोच. बाहेरचे पाहुणे असतात, कोणी घ्यायचं कोणी नाही यात गोंधळ होतो. पुढच्या रविवारी मंडळीपुरतं ठेवा.

प्रतिसाद, बीड
मी मंडपवाला आहे, आवाजाचं मी सांगतो. रिकाम्या खोलीत घुमणारच, माणसं भरली की निम्मं कमी होतं. खाली सतरंज्या, मागच्या भिंतीला मंडपाचे जाड पडदे. एक मोठा स्पीकर नको, दोन लहान घ्या, पुढं लावून तोंड खाली लोकांकडे वळवा अन् आवाज कमी ठेवा. ना. वा. टिळकांची भजनं म्हणणार असाल तर पेटीला एक माईक पुरे, टाळांना माईक लावूच नका.

प्रतिसाद, जालना
गावात माळकरी असतील तर जेवण शाकाहारीच करा. वरण, भात, वांग्याची भाजी, पोळी, बुंदी. पोळी असली तर तांदूळ माणशी शंभर ग्रॅम धरा, चाळीस किलोत भागतं. पाण्याचे जार मात्र आदल्या दिवशीच आणा.

धागाकर्ता
लई आभार. उदगीरकरांचा प्रतिसाद वडीलजनांना मोठ्यानं वाचून दाखवला. सत्काराला हरकत नाही, पण शालीबरोबर नारळ नको म्हणाले. तरुण संघ म्हणतो मग फेटा. सरपंचांना विचारलं तर म्हणाले, "काही नको, मला फक्त सावलीत बसवा." तरी फेटा बांधायचं ठरलंय. अंबडात चांगला बांधणारा कोणी माहीत आहे का?