खांदेरीची लढाई (१६७९) घरी खेळताना वाऱ्याचा नियम कसा ठेवावा?

थळची सून

नमस्कार मंडळी. मी सासऱ्यांबरोबर घरी खांदेरीची लढाई खेळते, ऑक्टोबर १६७९ ची. शिवाजी महाराज मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधत होते आणि इंग्रज ते अडवायला आले, ती. लाकडी जहाजं, फासे, मोजपट्टी आणि माजघरात पसरलेला समुद्र. इथे युद्धखेळ खेळणारे आहेत, शिडाची होडी हाकलेलेही आहेत, म्हणून विचारते.

मी मूळची पुण्याची. तिथे नेपोलियनच्या काळातल्या लढाया खेळायचे, २८ मिलिमीटर उंचीचे शिपाई रंगवून. लग्न होऊन थळला आले. इथे किनाऱ्यावर उभं राहिलं की खांदेरी-उंदेरी समोर. त्या बेटांवरून एवढं रामायण घडलेलं असताना घरात ऑस्टरलिट्झ मांडावंसं वाटेना. सासरे, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, रेवस-भाऊचा धक्का लाँचवर सारंग होते आणि त्याआधी तरुणपणी शिडाच्या मचव्यावर. मी पहिलं गलबत कोरायला घेतलं तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन पाहिलं, नाळ, म्हणजे पुढचं टोक, फार बोजड झाली म्हणाले आणि पटाशी मागून घेतली. तेव्हापासून जहाजं तेच करतात. लाकूड पांगाऱ्याचं, सावंतवाडीची खेळणी करायला वापरतात ते. डोलकाठ्या दात कोरायच्या काड्यांच्या, शिडं जुन्या धोतराची, फेविकॉल पाण्यात कालवून त्यात बुडवून ताठ केलेली. पावसात पडवीला लावतो ती निळी ताडपत्री म्हणजे समुद्र. खांदेरी नारळाच्या सोडणांतून कापलेली, दोन टेकड्यांसकट.

आता अडचण. आम्ही वापरतो ते नियम युरोपातल्या शिडांच्या लढायांसाठी केलेले आहेत. दर फेरीला फासा टाकायचा. एक पडला की वारा डावीकडे सरकतो, सहा पडला की उजवीकडे. पहिल्याच डावात अण्णांनी पुठ्ठ्याचा वाऱ्याचा बाण उचलला.

"ही सकाळ ना? मग वारा पश्चिमेचा कसा?"

"फाशावर आला, अण्णा."

"वारा फाशावर येत नाही गो. पहाटेचा डोंगराकडून येतो, ऊन चढलं की पडतो, दुपारी समुद्राकडून सुटतो. किनाऱ्यावरच्या कुठल्याही पोराला विचार."

आणि त्यांनी बाण ताडपत्रीच्या बाहेर ठेवून दिला. "आता वारा नाही. चल, वल्हव."

त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. पण वारा काढला की मराठ्यांची गलबतं वल्ही मारत चारही बाजूंनी येतात आणि इंग्रजांचं रिव्हेंज हे मोठं शिडाचं जहाज जागच्या जागी अडकतं. वारा ठेवला की रिव्हेंज एकटंच सगळ्यांना झोडपत फिरतं. म्हणजे डावाचा निकाल पहिल्या दोन फेऱ्यांत ठरतो, आणि मग उरलेली संध्याकाळ नुसती जहाजं सरकवायची. अण्णांना इंग्रज व्हायला काही हरकत नसते, उलट रिव्हेंज हातात आलं की खूष असतात. त्यांना राग येतो तो खोट्या समुद्राचा. मला त्यांच्यासाठी खरा समुद्र हवा आहे आणि तरी शेवटपर्यंत चुरस हवी आहे. तोफांचे आकडे कमीजास्त करून पाहिले, त्याने काही होत नाही. काय करू?

देवगडवाला

ताई, अण्णांना आधी नमस्कार सांगा. ते म्हणतात तेच खरं. भूगोलाच्या पुस्तकात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ना, तोच तुमचा नियम. ऑक्टोबरात पाऊस सरलेला असतो, मोसमी वाऱ्याचा जोर गेलेला असतो, मग किनाऱ्यावर राज्य याच दोघांचं. रात्री जमीन लवकर निवते म्हणून मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे, दिवसा ती लवकर तापते म्हणून खारा वारा उलट. मधे एक वेळ अशी येते की काहीच हलत नाही.

तेव्हा वारा कुठून येणार हे फाशावर नको, कधी पडणार आणि कधी सुटणार हे फाशावर हवं. एक फेरी पाव तासाची धरा. सूर्योदयाला डाव सुरू, मतलई हलका वाहतोय. आठव्या फेरीपासून दर फेरीला फासा टाका, पाच किंवा सहा पडला की वारा पडला. मग पुन्हा तसंच, खारा सुटेपर्यंत. दोन्ही खेळाडूंना ठाऊक असतं की वारा पडणार आहे, कधी ते मात्र कोणालाच नाही. गलबतवाला वाट बघत मागे थांबतो, रिव्हेंजवाल्याला घाई होते. चुरस तिथेच आली.

आकडे मी अंदाजाने लिहिलेत. ते अण्णांकडूनच भरून घ्या.

आणि भरती-ओहोटी विसरू नका. खांदेरीजवळ खडक आहेत, उंदेरी आणि थळ यांच्या मधलं पाणी उथळ. ओहोटीला तिथे मोठं जहाज न्यायचंच नाही असा साधा नियम पुरे.

नाळेवरची तोफ

मी जहाजांबद्दल बोलतो, कारण बहुतेक परदेशी नियमांत आपली जहाजं चुकीची बसवलेली असतात. युरोपीय जहाज मारा करतं बाजूने. त्याच्या कुशीला तोफांची रांग, म्हणून ते शत्रूला आडवं होतं. गुराब या आपल्याकडच्या लढाऊ जहाजाचं तसं नाही. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या गुराबेचं वर्णन करून ठेवलंय : मधे रुंद, पुढे निमुळती होत गेलेली, नाळ पाण्यावर पुढे आलेली, आणि तिच्यावरून थेट समोर मारा करणाऱ्या ९ किंवा १२ पौंडी गोळ्याच्या दोन तोफा. कुशीच्या तोफा त्याहून हलक्या. गलबत त्याहून लहान, सहसा ७० टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, तासाला चार मैल जाणारं.

म्हणजे पाव तासाच्या फेरीत गलबत एक मैल जातं, आणि वारा पडला तरी तेवढंच जातं. तुमच्या ताडपत्रीवर एक मैल म्हणजे किती इंच ते एकदा ठरवा, बाकी सगळी मापं आपोआप निघतील.

आंग्र्यांची रीतही त्यानेच लिहिलीय. वारा नसला तर गलबतांनी गुराबा ओढत न्यायच्या, शत्रूच्या पिछाडीला जमायचं, कारण तिथे त्याच्या कुशीच्या तोफा पोचत नाहीत, आधी डोलकाठ्या पाडायच्या आणि मग चढाई. हे वर्णन पुढच्या शतकातलं आहे. १६७९ ची जहाजं याहून लहान असावीत असं माझं मत, म्हणून तोफांचे गुण एक-दोनने उतरवा. पण नाळेवरून मारा तेव्हाही होता.

तर नियम असा : गुराब आणि गलबत फक्त समोरच्या कोनात मारा करतील, रिव्हेंज फक्त दोन कुशींतून. त्याच्या पिछाडीला लागलेल्या जहाजाला ते काही करू शकत नाही. वळायला त्याला वारा लागतो. वारा पडल्यावर त्याची पाठ कुठे आहे यावर सगळं आलं.

शिवाय, डाव मांडताना इंग्रज नांगरावर ठेवता का? १८ ऑक्टोबरच्या पहाटे चौलच्या बाजूने मराठी आरमार आलं तेव्हा ते नांगरावरच होते. रिव्हेंज, दोन गुराबा, तीन शिबाडं, दोन मचवे. नांगर उचलायला दोन फेऱ्या जाऊ द्या.

आगरी मीठ

मला हे सगळं जरा जास्तच होतंय असं वाटतं. आम्ही दोघे भाऊ गेली काही वर्षं खेळतो, विजयदुर्ग १७५६. आंग्र्यांच्या किल्ल्यावर इंग्रजांचा हल्ला, वाटसनचा ताफा खाडीत, किनाऱ्यावरून क्लाइव्हची फौज. वारा आम्ही पूर्ण काढून टाकलाय. संध्याकाळी कामावरून आल्यावर दीड तासात डाव संपला पाहिजे. तिथी, भरती, मतलई एवढं सांभाळायला तिसरा माणूस लागेल.

बाकी जहाजं पांगाऱ्याची आहेत म्हणता तर पावसाळ्यात डब्यात कापूर आणि कोरडे तांदूळ ठेवा. आणि फवाऱ्याचं मॅट वार्निश दमट हवेत मारू नका, पांढरट साय धरते. दिवाळीनंतर मारा, किंवा कुंचल्याने लावा.

सदाफुली

आगरी मीठ, विजयदुर्गात वारा काढून चालेल, तिथे जहाजं येऊन उभी राहतात आणि किल्ल्यावर मारा करतात. खांदेरीत वारा काढला तर राहिलं काय?

पण ताई, माझ्या मते तुमची खरी अडचण वाऱ्याची नाहीच. तुम्ही डाव जिंकला कधी म्हणता? जास्त जहाजं बुडवली की, बरोबर?

१८ ऑक्टोबरचंच बघा. अर्ध्या तासात इंग्रजांची डव्ह नावाची गुराब पकडली गेली, बाकीची लहान जहाजं पळाली. एकटं रिव्हेंज, त्यावर मिंचिन आणि केग्विन हे इंग्रज अधिकारी, मराठी आरमारातून आरपार गेलं. पाच गलबतं बुडवली आणि उरलेली नागोठण्याच्या खाडीकडे पिटाळली असं इंग्रजांच्या बाजूने लिहिलेलं आहे. खरं धरू. तुमच्या हिशेबाने डाव इंग्रजांचा.

आणि बेट कोणाकडे राहिलं? महाराजांच्या मायनाक भंडारीची माणसं तट बांधतच होती. रात्री लहान होड्या किनाऱ्यावरून सुटायच्या, उथळ पाण्यातून इंग्रजांच्या नाकाखालून दाणागोटा आणि दारूगोळा पोचवायच्या. मोठ्या जहाजांना ते थांबवता आलं नाही. शेवटी इंग्रजांनीच नाद सोडला आणि तह केला. महाराजांना जहाजं बुडवायची नव्हतीच. मुंबई बंदराच्या तोंडाशी किल्ला हवा होता. त्यांच्या दौलतखानाचं आरमार त्या बांधकामासाठी लढत होतं.

म्हणून गुण होड्यांना द्या, बुडवलेल्या जहाजांना नको. रात्रीच्या फेऱ्या अशा खेळा : मराठ्यांनी किनाऱ्यालगत पत्ते पालथे मांडायचे. लाल पत्ता म्हणजे भरलेली होडी, काळा म्हणजे काहीच नाही. दर फेरीला सगळे पत्ते सरकवायचे. इंग्रजांचं जहाज ठरलेल्या अंतरात आलं तरच पत्ता उलटायचा. बेटाला लागलेल्या पाच लाल पत्त्यांमागे तटाचा एक तुकडा उभा करा आणि त्यावर एक तोफ. इंग्रजांनी तीन तुकडे उभे राहायच्या आत बेटावर उतरायचं, नाहीतर डाव मराठ्यांचा. मग रिव्हेंजने दिवसा कितीही धुमाकूळ घालू दे. दिवसा त्याने जी गलबतं बुडवली ती रात्री दाणापाणी न्यायला नसतात, एवढाच त्याचा उपयोग. पण तो उपयोग खरा आहे, म्हणून दिवसाची लढाई फुकट जात नाही.

थळची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. सदाफुली, तुमचा प्रतिसाद मी अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला. ते लगेच "पत्ते आण" म्हणाले.

वाऱ्याचा तक्ता अण्णांनी दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला स्वतः लिहिला. मतलई, मग पडलेला, मग खारा, आणि संध्याकाळी पुन्हा एक पडलेली वेळ, जी देवगडवाल्यांच्या नियमात नव्हती. भरतीसाठी त्यांनी आपला नेहमीचा हिशेब लावला, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर तीनला भरती, अष्टमीला सहाला. डावाच्या आधी फाशांवर तिथी काढतो आणि त्यावरून भरतीची वेळ तक्त्यावर मांडतो. आगरी मीठ, खरंच सांगते, याला दोन मिनिटंही लागत नाहीत. डावाला मात्र तीन तास लागतात, ते तुमचं बरोबर. आम्ही तो दोन संध्याकाळी खेळतो, दिवस एका आणि रात्र दुसऱ्या. मधल्या दिवशी ताडपत्रीवरून कोणी चालायचं नाही एवढी ताकीद घरात दिली आहे.

अण्णांनी रिव्हेंज घेतलं. नांगर उचलेपर्यंत माझ्या गुराबा जवळ आल्या होत्या आणि त्यांचं एक शिबाड मी पकडलं. पण वारा पडायच्या आत त्यांनी रिव्हेंज असं फिरवलं की पाठ खडकांकडे आणि दोन्ही कुशी मोकळ्या. पिछाडीला जायला मला जागाच नाही. चार गलबतं गेली. नाळेवरच्या तोफेचा नियम वाचून त्यांनी आदल्या रात्रीच ते ठरवलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी भरती रात्री नऊच्या सुमारास आली. मी खूप पत्ते दक्षिणेच्या बाजूने काढले, बहुतेक काळे. लाल उंदेरीच्या आतल्या उथळ पाण्यातून. अण्णा दक्षिणेकडे गेले, तीन पत्ते उलटले, तिन्ही काळे. मग थांबले आणि बराच वेळ नुसते उंदेरीकडे बघत बसले. "तिथूनच नेतेस ना? मीही तिथूनच नेलं असतं." आणि मचवे तिकडे वळवले. ओहोटी लागेपर्यंत माझे नऊ लाल पोचले, म्हणजे तटाचा एक तुकडा उभा आणि दुसऱ्याला एक होडी कमी. डाव अजून चालू आहे.

अंतर आम्ही एक मैल म्हणजे बारा इंच धरलंय. नाळेवरच्या तोफेचा कोन आधी पंचेचाळीस अंश ठेवला होता, आता तीस केला, त्याने गुराब नीट रोखून आणावी लागते आणि खेळ जास्त चांगला होतो. हा बदल मी कोणालाही सुचवेन.

आता पुढचं. जानेवारी १६८० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी कासमने उंदेरी घेतली आणि तिथे तोफा चढवल्या, तो भाग जोडायचा आहे. यजमान शनिवार-रविवार घरी असतात, सिद्दी ते होणार. उंदेरीवर तोफा आल्या की माझा आतला रस्ता बंद होणार आणि खांदेरी-उंदेरी एकमेकींवर मारा करणार. किल्ल्यावरची तोफ स्थिर असते, डोलत नाही, म्हणून तिला नेम धरायला जहाजापेक्षा किती गुण जास्त द्यावेत? मी एक जास्त धरते, अण्णा दोन म्हणतात. आणि तिघांच्या डावात सिद्दी आणि इंग्रज एका बाजूला असले तरी त्यांचा हेतू एक नाही, उंदेरी सिद्दीला स्वतःसाठीच हवी आहे. ते गुणांत कसं बसवायचं? नाळेवरची तोफ आणि सदाफुली, तुम्ही दोघांनी जरूर लिहा.